एका माणसापुरती वीज

भाजी बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. लिलावात भाव पुकारणं हे त्याचं काम. आवाज असा की पहिल्या गाळ्यात त्याने बटाट्याचा भाव पुकारला की शेवटच्या गाळ्यातला व्यापारी जागेवरूनच बोली वाढवायचा. या नावाचा त्याला कधी राग आला नाही. नवा माणूस भेटला की तोच सांगायचा, "मला भोंगा म्हणा, लवकर सापडेन." बोलणाऱ्याची बोरं विकतात यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. घरी आला तरी तोंडाचा पट्टा चालूच. चपला काढता काढता बाजाराची बातमी सुरू व्हायची, ती जेवण होऊन ताटं विसळेपर्यंत चालायची, आणि मध्ये श्वास घ्यायला तो थांबलाच तर तेवढ्यात टीव्ही बोलायचा.

बायको मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. लग्नाआधीपासून कानाला हेडफोन लावून 'थांबा, जोडते' म्हणत आलेली बाई, ती त्या वर्षी निवृत्त झाली. त्याच सुमाराला तिच्या धाकट्या भावाचे गुडघे कामातून गेले आणि त्याने आपला छोटा ट्रेलर ताईला देऊन टाकला. गाडीमागे जोडून न्यायचा दोन चाकांवरचा डबा. आत एक बाक, तोच पसरला की पलंग. एक घडीचं टेबल, दोन वाट्या मावतील एवढं बेसिन, खिडकीखाली कपाट. भोंग्याला डबा पाहताक्षणी आवडला. शनिवारी-रविवारी तळ्याकाठी नेऊन लावायचा, बाजारातले चार जण बोलवायचे, पत्ते कुटायचे, असे मनसुबे त्याने रचूनही टाकले. फक्त डब्यात वीज नव्हती. म्हणून एका सकाळी नवराबायको वीज घ्यायला दुकानात गेले.

दुकान जनरेटर आणि बॅटऱ्यांचं होतं. मालकीण चाळिशीची, केस बारीक कापलेली, मनगटापर्यंत ग्रीसचे डाग. ती काही विचारायच्या आत भोंगा एका लालभडक जनरेटरपाशी जाऊन उभा राहिला.

"हा लावून दाखवा."

तिने दोरी ओढली. दुकानाच्या काचा थरथरल्या. भोंगा त्या धडधडीवर आवाज चढवून म्हणाला, "याला म्हणतात मशीन. चालू आहे ते कळतं तरी." मागे वळून पाहिलं तर बायको फुटपाथवर जाऊन उभी होती. मशीन बंद झालं तेव्हा ती आत आली.

मालकिणीने मग दुसरा दाखवला, बंद पेटीतला. "हा त्यातल्या त्यात शांत, शेजारी बसून गप्पा मारता येतात. पण धूर हा सोडतोच. ट्रेलरपासून लांब ठेवायचा, खिडकीजवळ तर अजिबात नाही. आणि तळ्याकाठी अंधार पडला की कोणताच जनरेटर लावू देत नाहीत."

"आवाजच नसलेलं काही आहे का?" बायकोने विचारलं.

मालकिणीने टेबलावरच्या एका करड्या पेटीवर हात ठेवला. पाण्याच्या कॅनएवढी पेटी, वर धरायला मूठ, पुढे सॉकेट. बायकोने वाकून तिला कान लावला.

"चालू आहे ही?"

"चालूच आहे, काकू. तुमच्या डोक्यावरचा दिवा तिच्यावरच जळतोय."

बायकोने कान तसाच ठेवला. तिचे डोळे मिटले होते. भोंग्याला जरा ओशाळल्यासारखं झालं, चारचौघांत असं पेटीला कान लावून काय उभं राहायचं.

"घरच्या बिलात जे एक युनिट येतं ना, तेवढी वीज हिच्यात मावते," मालकीण सांगू लागली. "दिवसा सोलर पॅनल लावून भरायची. पण किती मोठी घ्यायची ते वापरावर. काय काय चालवणार?"

"एक दिवा, एक पंखा, छोटा फ्रिज, मोबाइल."

"माणसं किती?"

"दोन," भोंगा म्हणाला.

"एक," बायको म्हणाली.

दोन्ही शब्द एकदमच पडले. भोंगा हसला. "अगं, मग मी काय गाडीत झोपू?"

बायको हसली नाही. ती मालकिणीलाच म्हणाली, "एकच माणूस. आणि शनिवार-रविवारपुरतं नाही. थंडी सुरू होईपर्यंत राहायचंय. तेवढं पुरलं पाहिजे."

मालकिणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मान खाली घातली. "मग हिशोब वेगळा होतो," ती हळूच म्हणाली. "रोजच्या राहण्याचा फ्रिज म्हणजे पॅनल मोठं हवं. विजेची किटली वापरू नका, चहाच्या चार-पाच खेपांत पेटी अर्ध्यावर आणेल. पाणी गॅसवर तापवा. ढगाळ दिवशी फ्रिज रिकामा करून बंद ठेवायचा."

बायको एकेक गोष्ट विचारत राहिली. पाऊस लागला तर पेटी बाहेर चालेल का, पॅनल कोणत्या बाजूला तोंड करून ठेवायचं, तार किती लांब. भोंगा ऐकत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. एवढ्या वर्षांत बाजाराने त्याला गप्प उभा राहिलेला पाहिला नव्हता.

"काका, तुमचं काय म्हणणं?" मालकिणीने विचारलं.

"बघा काय ते," तो म्हणाला. आवाज कोणा दुसऱ्याचाच वाटला.

दोघं घरी आली. दार लावल्यावर त्याने विचारलं, "मी काय केलं?"

"काही नाही केलंत."

"मग भांडण नाही, तंटा नाही, आणि तू घर सोडून चाललीस?"

"घर सोडत नाहीये. थोडे महिने एकटी राहणार आहे. मला आवाजाचा कंटाळा आलाय."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. त्यात तुमचाही आला."

"मी काय एवढा बोलतो?" असं म्हणून भोंग्याने बोलायला सुरुवात केली. आपण किती कमी बोलतो, बाजारातले बाकीचे किती बडबडे आहेत, बोलणाऱ्या माणसाच्या पोटात कसं काही राहत नाही, आणि घरात बोलायचं नाही तर काय भिंतींशी बोलायचं. बोलता बोलता त्याने कपडे बदलले, पाणी प्यायलं, पंखा लावला. ती खुर्चीत बसून ऐकत होती. शेवटी त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने तोंड मिटलं. ती उठून आत गेली.

त्याने लेकीला फोन लावला. लेक दूर नोकरीला होती. "तुझ्या आईच्या डोक्यात काय भरलंय बघ," तो म्हणाला. "म्हणते, एकटी जाऊन डब्यात राहणार."

"मला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे?"

"आईने कधीच सांगितलंय. मामालाही सांगितलं, म्हणून तर त्याने ट्रेलर दिला. बाबा, तिने तुम्हालाही सांगितलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. एकदा तर मी तिथेच होते. आपण जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, निवृत्त झाले की मी काही महिने एकटी राहणार आहे. तुम्ही म्हणालात, जा की, आणि कांद्याचं सांगायला लागलात."

भोंग्याने फोन ठेवला आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसला. खूप आठवून पाहिलं. कांद्याचं आठवलं. त्या दिवशी कांदा गडगडला होता, दोन व्यापारी हातघाईवर आले होते, सगळं लख्ख आठवलं. बायकोचं वाक्य काही केल्या आठवेना. त्याची बोबडी वळली ती त्यामुळे. ती जाणार यापेक्षा ती सांगून जात होती आणि ते आपल्या कानात शिरलंच नाही, हे जास्त भयंकर होतं.

माणूस घाबरला की नेहमी शहाणपणाने वागतोच असं नाही. दुसऱ्याच दिवशी बाजार आटोपून भोंगा एकटा त्या दुकानात गेला आणि तो लालभडक जनरेटर विकत घेऊन आला. त्याचा विचार साधा होता. एवढी मोठी वस्तू दारात आली की ती पेटीचा नाद सोडेल. आणि नाहीच सोडला, हेच मशीन घेऊन गेली, तर आठ दिवसांत कान किटून घरी येईल. मालकिणीने विचारलं होतं, "काकूंना चालेल का?" तो म्हणाला होता, "तिनेच पाठवलंय." हे धडधडीत खोटं होतं आणि मालकिणीला ते कळलं असावं, कारण तिने पावती देताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

अंगणात ट्रेलरशेजारी जनरेटर ठेवून त्याने दोरी ओढली. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. शेजारीण खिडकीत आली. बायको दार उघडून बाहेर आली, सरळ मशीनपाशी गेली, वाकून तिने बटण शोधलं आणि मशीन बंद केलं. मग पदराला हात पुसत तिने विचारलं,

"हे माझ्यासाठी आणलंत की माझ्याविरुद्ध?"

ती ओरडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. लिलावात आयुष्य गेलेल्या माणसाला बोलीवर बोली चढवता येते. पण तिने इतक्या साध्या आवाजात विचारलं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, की त्याला आपण काय केलं ते उघडंनागडं दिसलं. तो पेट्रोलचा डबा हातात घेऊन उभा राहिला.

"परत देतो," एवढंच तो म्हणाला.

पण दुकानदारीण परत घेईना. "एकदा पेट्रोल घातलं की परत नाही, काका. आणि मी विचारलं होतं." शेवटी एका कांद्याच्या व्यापाऱ्याने ते मशीन गोदामासाठी नेलं. करडी पेटी आणि पॅनल बायको तिच्या पैशांनी घेऊन आली. भोंग्याने ती दोन्ही गाडीतून उतरवून ट्रेलरमध्ये ठेवली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

ट्रेलर तळ्याकाठी त्यानेच नेला. मागे घेऊन सरळ लावणं तिला जमलं नसतं. झाडांमध्ये अंतर राखून आणखी दोन-तीन डबे उभे होते, त्यांतली माणसं दुरून हात करायची, तेवढीच. त्याने चाकांखाली दगड लावले, पॅनल उन्हाकडे तोंड करून ठेवलं, तार खिडकीखालून आत घेतली. तिने पेटीचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, फ्रिज थोडा गुरगुरून गप्प झाला. पेटीने हूं की चूं केलं नाही.

आणि मग सगळंच गप्प झालं. भोंग्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. एक नाकपुडी शिट्टीसारखी वाजत होती, हे त्याला या वयात पहिल्यांदा कळलं. त्याला तिथे उभं राहवेना. "येतो," म्हणून तो निघाला. गाडीच्या आरशात पाहिलं तर ती पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. त्याच्याकडे नाही, पाण्याकडे बघत.

तो आठवडा त्याने घरात टीव्ही आणि रेडिओ एकदमच लावून काढला. जेवताना बाजाराची बातमी मोठ्याने सांगून बघितली आणि स्वतःचीच लाज वाटून थांबला. रविवारी तो तळ्यावर गेला. वाटेत गाडीत मनाशी पक्कं केलं होतं, आज आपण तोंड उघडायचं नाही. विचारलं तरच बोलायचं.

तिने चहा केला. दोघं घडीच्या टेबलाशी बसली. तो गप्प बसला. कप रिकामा झाला तरी गप्प. सांगायच्या गोष्टी घशाशी येत होत्या आणि तो त्या चहाबरोबर गिळत होता. बराच वेळ गेला. मग ती बोलायला लागली.

आधी इकडचं तिकडचं. सकाळी पाण्यावर येणारे पक्षी, पलीकडच्या डब्यातली म्हातारी आणि तिचं लंगडं कुत्रं. मग हॉस्पिटलचं. लोक फोन करून विचारायचे, आमचा माणूस कसा आहे, आणि तिला आधीच माहीत असायचं. वॉर्डातल्या सिस्टरचा आवाज ऐकूनच कळायचं. पण ऑपरेटरने कोणाला काही सांगायचं नाही, फक्त जोडायचं, असा नियम.

"ते आवाज जात नाहीत हो कानातून," ती म्हणाली. "घरी आले की तुम्ही बोलत असायचात. सुरुवातीला बरं वाटायचं, तुमच्या बोलण्याखाली ते झाकले जायचे. नंतर नंतर दोन्ही मिळून माझ्यासाठी जागाच उरेना. इथे एकेक करून आठवतंय. आठवतं आणि जातं."

त्याने रिकामा कप बशीत ठेवला.

"अण्णा गेले त्या दिवशी तुम्ही बाजारातून फोन केला होतात. आठवतं?"

अण्णा म्हणजे त्याचे वडील. त्याच हॉस्पिटलात होते ते, छातीत पाणी झालं होतं. भोंग्याने मान हलवली.

"तो मी उचलला."

"हो. तुझीच पाळी होती."

"मला तेव्हा माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या फोनच्या जरासंच आधी वॉर्डातून कळलं होतं. सिस्टर म्हणाली, डॉक्टर घरच्यांना कळवतील, तोवर तू काही बोलायचं नाहीस. घरची तर मीच होते. पण खुर्चीवर ऑपरेटर बसलेली. आणि तेवढ्यात तुमचा फोन. मी हॅलो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, अगं, आज टोमॅटो काय उसळलाय म्हणून सांगू. आणि सुरू झालात. कोणत्या तरी व्यापाऱ्याची बोली चढवता चढवता पगडी पडली, ती बटाट्याच्या पाटीत गेली. अण्णांना सांग म्हणालात, हसतील."

भोंग्याने टेबलाची कड धरली.

"मी मनात म्हणत होते, यांना थांबव. मग वाटलं, नको. बोलू दे यांना. जितका वेळ हे बोलतायत, तितका वेळ यांचे वडील आहेत." ती खिडकीबाहेर बघत होती. "मग तुम्ही म्हणालात, वॉर्डला जोड. मी म्हटलं, थांबा, जोडते."

ते त्याला आठवलं. बाकी काही नाही, पण ते दोन शब्द आठवले. बायको परक्याशी बोलावं तसं बोलली म्हणून तेव्हा तो चिडलाही होता. मग वॉर्डात फोन लागला, डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यापुढचं सगळं त्याच धक्क्यात वाहून गेलं. फोनच्या दुसऱ्या टोकाला त्या क्षणी कोण होतं, याचा विचार त्याने आजवर एकदाही केला नव्हता.

"मला कधी सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"सांगायला घेतलं की तुम्ही त्या दिवसाची गोष्ट सांगायचात. तुम्हाला कसं कळलं, चपला न घालता कसे धावत आलात. आल्यागेल्याला सांगायचात. लोक रडायचे ऐकून. त्या गोष्टीत मी कुठे नव्हतेच."

खरं होतं. ती गोष्ट त्याने शंभरदा तरी सांगितली असेल, कुठे आवाज उतरवायचा, कुठे थांबायचं, सगळं बसलेलं होतं. आणि प्रत्येक वेळी ती तिथेच होती, चहाचा ट्रे घेऊन. माफी मागावी असं वाटलं, पण जो शब्द तोंडाशी येई तो त्याला बाजारातला वाटे. तो तसाच बसून राहिला. ऊन बाकावरून जमिनीवर सरकलं. तिने उठून कप धुतले आणि त्याच्या खांद्याला हात लावून ती म्हणाली, "निघा आता. अंधार व्हायच्या आत पोहोचा."

गाडीच्या दाराशी त्याने विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

ती विचारात पडली. बायकोला या प्रश्नावर विचार करावा लागतो, हे पाहूनही त्याला धक्का बसला, पण तोवर तो धक्क्यांना जरा सरावला होता.

"या," ती म्हणाली. "पण दुपारून या. सकाळ मला लागते."

तो दर रविवारी दुपारी जात राहिला. काही रविवारी ती खूप बोलली, काही रविवारी दोघं नुसतीच बसली, आणि एकदा तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. आज नको म्हणाली. त्या दिवशी तो घरी येऊन रडला. मग थंडी पडली, ऊन पातळ झालं, पेटी दिवसभरात अर्धीच भरायला लागली, तेव्हा तिनेच फोन करून न्यायला बोलावलं.

घरी आल्यावर तिने मागची खोली मागितली. तिथे त्याची जुनी पोती, वजनकाटे, तुटक्या खुर्च्या होत्या. त्याने दोन दिवस खपून ती रिकामी केली आणि दाराला आतून कडी बसवून दिली. शेजाऱ्यांना नवल वाटलं. बाजारात कुजबुज झाली. कोणी विचारलं तर तो सांगतो, "तिला तिची खोली लागते," आणि विषय बदलत नाही, नुसता थांबतो.

ऊन तापलं की ती पुन्हा तळ्यावर जाणार आहे, तसं तिने सांगितलंय, आणि या वेळी त्याने ऐकलंय. सवय मात्र अजून झालेली नाही. कधी बाजारात काही विलक्षण घडतं, तो ते घेऊन धावत घरी येतो, त्या दारापुढे उभा राहतो आणि कडी आतून लागलेली बघून परत फिरतो. आणि कधी दार उघडं असतं, ती आत भिंतीला टेकून बसलेली असते. तेव्हा तो उंबऱ्यावर बसतो आणि वाट बघतो.